हातात झाकणं, खिशात फोन: लहान मुलांना अंक शिकवताना

"आमचा शंभरपर्यंत म्हणतो," असं सांगत पालक मुलाला माझ्यापुढे उभं करतात. मूल खरंच म्हणतं. फोनवरच्या गाण्याच्या चालीत, एका दमात, एकोणपन्नास-एकोणसाठलाही न अडखळता. मग मी टोपलीतल्या बांगड्या दाखवून म्हणते, "मला चार दे बरं." मूल ओंजळ भरून बांगड्या देतं आणि माझ्याकडे बघत राहतं, कारण यापुढे काय करायचं असतं हे त्याला कोणी दाखवलेलंच नसतं.

मी १८ वर्षं बालवाडीत शिकवते आहे. त्यातली निम्मी वर्षं फोन वर्गात आहे, आणि मला तो हवा आहे. पण बहुतेक घरांत त्याचा वापर एकाच कामासाठी होतो: गाणं लावून मुलाच्या हातात देणं. फोनमधला कॅमेरा, आवाजाची नोंद आणि व्हिडिओ कॉल ही तीन साधनं अंक शिकवायला कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त कामाची आहेत. नव्याने रुजू झालेल्या अंगणवाडी सेविका, बालवाडीताई आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे आईबाबा यांच्यासाठी हा क्रम लिहिते आहे. पायऱ्या याच क्रमाने घ्या. घाई करू नका.

पायरी १: मूल कुठे आहे ते बघा (फोन खिशातच)

जमिनीवर एकसारख्या दहा वस्तू ठेवा. बाटल्यांची झाकणं, चमचे, बांगड्या, काहीही. मुलाला म्हणा, "मला एक दे." मग "दोन दे", "तीन दे", असं पुढे. मोजायला सांगू नका, फक्त मागा. कॅरेन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये ही साधी चाचणी वापरून दाखवलं की मुलं संख्या एकेक करून कमावतात. आधी फक्त 'एक' कळतो, बाकी सगळ्याला ओंजळ. काही महिन्यांनी 'दोन' कळतो. मग 'तीन'. आणि मग साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास केव्हातरी मुलाला उमगतं की मोजताना जो शब्द शेवटी आला, तोच 'किती'चं उत्तर. तिथून पुढे पाच, सहा, सात झपाट्याने येतात.

म्हणजे तीस म्हणणारं मूल प्रत्यक्षात 'दोन'वर असू शकतं. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही, पण शिकवायचं असेल तर आपल्याला ते माहीत हवं. वहीत तारीख घालून लिहून ठेवा: 'दोन येतो, तीनला ओंजळ'. पुढचं सगळं काम या एका ओळीवर अवलंबून आहे. ज्याला दोन कळतो, त्याच्याबरोबर तीनवर खेळायचं, दहावर नाही.

वस्तूंबद्दल एक गोष्ट तळमळीने सांगते. तीन वर्षांच्या मुलाला चिंचोके, वाटाणे, मणी देऊ नका. ते नाकात आणि घशात जातात. थोड्या मोठ्या मुलांना दिले तरी समोरून उठू नका. बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बिया आणि गुंजा दिसायला गोड असल्या तरी विषारी असतात. त्या वर्गात आणूच नका.

पायरी २: फोनला शिस्त लावा

मुलाच्या आधी फोन तयार करायचा. विमान मोड सुरू करा, म्हणजे मध्येच कुणाचा फोन येणार नाही आणि जाहिरातीही उतरणार नाहीत. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या सुरक्षा विभागात 'अ‍ॅप पिनिंग' किंवा 'स्क्रीन पिनिंग' अशी सोय असते. ती चालू केली की मूल त्या एकाच अ‍ॅपमध्ये राहतं. आयफोनमध्ये हेच काम अ‍ॅक्सेसिबिलिटीतलं 'गाइडेड अ‍ॅक्सेस' करतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यामुळे रोजची हिसकाहिसकी थांबते.

वेळ किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एका तासाहून जास्त नको, जितका कमी तितका चांगला. हा तास सगळा मिळून आहे: घरचा टीव्ही, मावशीचा फोन, जेवताना लावलेलं कार्टून, सगळं त्यातच. म्हणून माझ्या वर्गात अंकांसाठी फोन दिवसाला दहा मिनिटांच्या वर निघत नाही, आणि तेवढ्यात काम होतं.

वर्गात वीस-पंचवीस मुलं असतील तर सगळ्यांना फोनभोवती गोळा करू नका. मागच्यांना काही दिसत नाही आणि पुढची ढकलतात. चार मुलं घ्या, बाकीची मुक्त खेळात राहू द्या. फोन तुमच्या हातात, मुलं अर्धगोलात.

पायरी ३: कॅमेरा घेऊन 'तीन' शोधायला निघा

माझी सगळ्यात आवडती पायरी ही. मुलाला म्हणायचं, "चल, आज आपण तीन शोधू." अंगणात, रस्त्यावर, स्वयंपाकघरात. बेलाच्या पानाला तीन दलं. रिक्षाला तीन चाकं. पंख्याला बहुधा तीन पाती. चुलीचे तीन दगड. मूल बोट दाखवतं, आपण फोन धरतो, बटण मूल दाबतं. फोटो हलला तरी चालेल. 'दोन'च्या दिवशी चपला, बैलाची शिंगं, सायकलची चाकं. 'चार'ला खाटेचे पाय, गाईचे पाय. 'पाच'ला साध्या जास्वंदीच्या पाकळ्या, पांढऱ्या चाफ्याच्या पाकळ्या.

गॅलरीत 'तीन' नावाचा अल्बम करा. दुसऱ्या दिवशी तो मुलाबरोबर उघडा आणि विचारा, "हे का घेतलं होतं आपण?" पान, चाक आणि दगड यांत सारखं काय, याचं उत्तर मूल स्वतःच्या फोटोंतून काढतं. मोजता येण्यासाठी वस्तू एका जातीच्या असाव्या लागत नाहीत, हे रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या मोजणीच्या पाच तत्त्वांपैकी एक. बाकीची चार अशी: प्रत्येक वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, शेवटचा शब्द म्हणजे एकूण, आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच. विकतच्या अ‍ॅपमध्ये मूल दुसऱ्याने काढलेली सफरचंदं मोजतं. इथे ते आपल्या गल्लीतली रिक्षा मोजतं, आणि हा फरक त्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

त्याच फोटोंचा दुसरा खेळ 'झटपट'. काळ्या कापडावर पांढरी झाकणं मांडून दहा-बारा फोटो काढा: दोन, तीन, चार, कधी रांगेत, कधी त्रिकोणात, कधी विस्कटलेली. फोटो क्षणभर दाखवा आणि फोन पालथा करा. "किती होती?" तीनपर्यंतची संख्या माणसाला न मोजता, नुसत्या नजरेने कळते, मोठ्यांना चारचीही कळते. फाशावरचे ठिपके आपण मोजत बसत नाही ते त्यामुळेच. कागदी पत्त्यांवरही हा खेळ जमतो, पण पटकन दाखवणं आणि लपवणं फोनवर सोपं जातं.

पायरी ४: मोजणाऱ्या हाताचा व्हिडिओ

फोन वरून धरा. चौकटीत फक्त झाकणं आणि मुलाचे हात, चेहरा नको. मुलाला मोजू द्या, मध्ये बोलू नका. वीस सेकंद पुरतात. मग लगेच त्याच मुलाबरोबर तो व्हिडिओ बघा.

माझ्या वर्गात साडेचार वर्षांची एक मुलगी होती. ओळीत मांडलेली आठ झाकणं ती बिनचूक मोजायची. एक दिवस मी गोल मांडली. तिने मोजायला सुरुवात केली आणि गोल पुरा झाला तरी थांबली नाही. "नऊ, दहा, अकरा." मी "चुकलं" म्हटलं नाही, व्हिडिओ लावला. पहिल्यांदा ती नुसतं स्वतःचं बोट बघून हसली. दुसऱ्यांदा बघताना ओरडली, "बाई, लाल दोनदा झालं!" परत मोजायला बसली तेव्हा तिने डाव्या हाताचं बोट लाल झाकणावर टेकवलं आणि उजव्या हाताने मोजत मोजत त्या बोटापाशी येऊन थांबली. ही युक्ती मी तिला दाखवली नव्हती.

म्हणून व्हिडिओ बघताना चूक आपण सांगायची नाही. विचारायचं, "परत बघू या?" मुलं दोन-तीन प्रकारे चुकतात. एखादं झाकण सुटतं, एखादं दोनदा येतं, किंवा तोंड बोटाच्या पुढे धावतं. तोंड धावत असेल तर झाकण उचलून वाटीत टाकत मोजायला लावा; टपकन आवाज झाला की मगच पुढचा अंक. आणि बरोबर मोजून झालं की न चुकता एक प्रश्न: "मग किती आहेत?" पुष्कळ मुलं उत्तर न देता पुन्हा 'एक'पासून सुरू करतात. याचा अर्थ शेवटचा शब्द म्हणजे एकूण, हे अजून बसलेलं नाही. अशा वेळी हाताने सगळ्या झाकणांभोवती गोल फिरवत आपण म्हणायचं, "एक, दोन, तीन, चार. ही सगळी मिळून चार." दिवसातून पाच-सहा वेळा, वाट्या मांडताना, पोळ्या वाढताना.

पायरी ५: आवाज घरचा, शब्द घरचे

फोनमधल्या रेकॉर्डरवर आजीच्या, आईच्या आवाजात एक ते दहा सावकाश म्हणवून घ्या. प्रत्येक अंकानंतर एक टाळी. मूल त्या टाळीवर एकेक वस्तू ठेवतं. गाण्यात अंक इतके भरभर येतात की बोट मागे पडतं. आजीच्या आवाजात बोटाला वेळ मिळतो.

ज्या मुलाच्या घरी अहिराणी, कोकणी, वारली, गोंडी किंवा भिल्ली बोलतात, त्याच्या आईकडून त्या बोलीतले अंक नोंदवून घ्या आणि वर्गात लावा. मूल आधी त्या शब्दांत मोजू दे. मोजण्याची समज एकदा आली की मराठी आणि इंग्रजी शब्द तिच्यावर बसवणं सोपं असतं. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे कोसबाडला वारली मुलांबरोबर काम करताना त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं असं मुलांच्या भोवतालचंच साधन केलं. परिसरातली वस्तू आणि घरची भाषा यांचं महत्त्व मी त्यांच्या कामातून शिकले.

मराठी अंकांची एक खरी अडचण आहे. 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो, लिहिताना वीस आधी. म्हणून मूल २१ ऐवजी १२ लिहितं. 'एकोणीस', 'एकोणतीस' ऐकून तर ते एकवीस-एकतीसच्या घरात जातं, ते साहजिकच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला! गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे समजावत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलाला आणखी एक वाट दिली आहे. मला ती वाट पटते. पण बालवाडीत हा प्रश्न येऊच देऊ नका. दहापर्यंत पक्कं, वीसपर्यंत कानावरून. पुढचं पहिली-दुसरीत.

पायरी ६: व्हिडिओ कॉलवर मोजणी

आजी-आजोबा गावी आणि नातवंडं पुण्यात, दुबईत किंवा अमेरिकेत, अशी कितीतरी घरं आहेत. कॉलवर "जेवलास का, शाळेत गेलास का" झालं की बोलणं संपतं. त्याऐवजी आजीने ताटलीत तीन लाडू ठेवून कॅमेऱ्याला दाखवावे: "माझ्याएवढे तू ठेव पाहू." मूल आपल्या ताटलीत तेवढे बटाटे ठेवतं. मग आजीने एक लाडू खाऊन टाकायचा. "आता?" मूल बटाटा काढतं. एकास एक जोडी, एकने कमी, एकने जास्त, सगळं या खेळात येतं. समोर उत्तर देणारं माणूस असल्यामुळे मूल टक लावून नुसतं बघत बसत नाही. आठवड्यातून दोन कॉल पुरे.

पायरी ७: खडूची पट्टी

इथे फोन जवळजवळ नकोच, पण ही पायरी सोडू नका. जमिनीवर खडूने डावीकडून उजवीकडे एका ओळीत दहा घरं काढा, आत १ ते १० लिहा. फाशाच्या तीन बाजूंवर एक ठिपका, तीन बाजूंवर दोन ठिपके चिकटवा. मूल फासा टाकून घरांवरून चालतं. रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमणी यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर असाच पट खेळून बघितला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. मुलांची अंकांची समज स्पष्टपणे वाढली. अंकांऐवजी रंगांचा पट खेळलेल्यांची तशी वाढली नाही. पुढे गोल पटही करून पाहिला, पण सरळ ओळीने जास्त फायदा झाला.

यातली खुबी बोलण्यात आहे. मूल तीनवर उभं आहे आणि दोन पडले, तर त्याने "एक, दोन" म्हणत जायचं नाही. "चार, पाच" म्हणत जायचं. मुलांनाच काय, खेळवणाऱ्या ताईलाही हे सुरुवातीला जड जातं. म्हणून एक डाव नीट चित्रित करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका, फक्त पाय आणि घरं दिसतील असा. घरी फरशीवर तोच खेळ सुरू होतो. मी लांबलचक सूचना लिहून पाठवायचे तेव्हा कुणी वाचत नव्हतं. वीस सेकंदांचा व्हिडिओ सगळे बघतात.

पायरी ८: लिहिलेला अंक

'चार' कळल्यावर मगच '४'. आधी ठरवा की मूल कुठल्या अंकांत शिकणार. मराठी माध्यमात देवनागरी, सेमी-इंग्रजीत गणिताला इंग्रजी. दोन्ही एकदम आले की घोटाळा होतो, कारण आपला १ इंग्रजी नवासारखा दिसतो आणि ६ उलट्या इंग्रजी तिनासारखा. बऱ्याच फोनची भाषा मराठी केली की घड्याळात देवनागरी अंक येतात. कीबोर्डही मराठी ठेवा. नोट्समध्ये अक्षर मोठ्यात मोठं करून मुलाला एकेक अंक उमटवू द्या, आणि फोनशेजारी तेवढीच झाकणं मांडू द्या. गिरवायला मात्र धूळपाटी, रांगोळी, ओली माती. काचेवर बोट सरकतं, हाताला आकार लागत नाही.

पायरी ९: अ‍ॅप घ्यायचंच असेल तर

मी सगळ्यात शेवटी इथे येते. अ‍ॅप मुलाला देण्याआधी स्वतः दहा मिनिटं खेळा, आणि त्यातली पाच मिनिटं न बघता वाटेल तिथे टिचक्या मारा. तरीही तारे मिळत असतील, फुगे फुटत असतील, तर ते काढून टाका. मूलही टिचक्याच मारणार. चांगल्या अ‍ॅपमध्ये मोजलेली वस्तू वेगळी दिसते पण नाहीशी होत नाही, शेवटी एकूण संख्या ऐकू येते, आणि चुकल्यावर भेसूर आवाज न येता पुन्हा मोजायला मिळतं. जाहिराती अजिबात नकोत. जीकॉम्प्रिस हे मुक्त स्रोताचं, मोफत अ‍ॅप नेटशिवाय चालतं; त्यात दोन ते दहा वर्षांसाठीचे खेळ आहेत, त्यातले मोजणीचे निवडून घ्या. खान अकॅडमी किड्सही मोफत आणि जाहिरातमुक्त आहे, पण इंग्रजीत, म्हणून शेजारी बसून मराठीत बोलावं लागतं. शेजारी बसणं तर कुठल्याही अ‍ॅपला लागतंच.

आणि दुकान-दुकान खेळताना खरी नाणी काढा. हल्ली सगळे कोड स्कॅन करतात. दुकानातली बोलकी पेटी म्हणते "दहा रुपये मिळाले" आणि मुलाच्या हातात मोजायला काही येतच नाही.

पायरी १०: नोंद ठेवा, पण मुलाला जपून

महिन्यातून एकदा पहिल्या पायरीची चाचणी परत घ्या, वहीत लिहा. झाकणं मोजतानाचा एक व्हिडिओ ठेवा. मुलांचे चेहरे आणि नावं गटावर टाकू नका, पालकांची परवानगी घेऊनच चित्रित करा, वर्ष संपलं की पालकांना देऊन फोनमधून काढून टाका. कुठलाही व्हिडिओ दुसऱ्या मुलाशी तुलना करायला दाखवू नका. मुलाला त्याचाच जुना दाखवा.

गोल मोजणाऱ्या त्या मुलीला मी तिचा पहिला व्हिडिओ चार महिन्यांनी दाखवला. लाल झाकण दिसताच तिने पडद्यावर बोट टेकवलं आणि घट्ट दाबून धरलं. आतला हात पुढे मोजत गेला. "सहा, सात, आठ," तीही म्हणाली, आणि व्हिडिओतली छोटी ती नऊ म्हणायच्या आत हिने फोन पालथा केला.